डोंबिवलीत सेकंडहँड गाडी : इमारतीतल्या काकांची घ्यावी की शोरूमची नवी?

चौथी_सीट

नमस्कार मंडळी. राहायला डोंबिवली पूर्व, नोकरी फोर्टात. जाणं-येणं लोकलने आणि पुढेही लोकलनेच, ऑफिसला गाडी न्यायचा विचार स्वप्नातही नाही. पण आईचे गुडघे आता रिक्षात चढू देत नाहीत. तिला ठाण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, रविवारी कधीमधी बदलापूर (सासुरवाडी) आणि गणपतीत देवरुख. वापर एवढाच.

शोरूमला जाऊन आलो. सहा लाखांची एक्स-शोरूम गाडी रस्त्यावर येईपर्यंत सातला टेकते. भाऊ म्हणतो, सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, आता जुनी घेण्यात अर्थ नाही. इकडे आमच्याच इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका कायमचे मुलाकडे पुण्याला निघालेत, त्यांची वॅगनआर विकायची आहे. ऑक्टोबर २०१९, पेट्रोल, पहिलेच मालक, ३१ हजार किलोमीटर. ३ लाख ९० हजार सांगतायत. गाडी रोज डोळ्यांसमोर असते. घ्यावी का? की ओळखीत व्यवहार नकोच?

नांदिवलीकर

डोळे झाकून नाही, पण घ्या.

आपल्याकडच्या गाड्यांचा एक गुण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. कर्जत-कसारा मार्गावर घर असलेला माणूस सोमवार ते शुक्रवार ट्रेनला लटकतो आणि गाडी इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असते. शनिवारी धूळ झटकायची, रविवारी डी-मार्ट, लग्नसराईत एखादा हॉल, मे महिन्यात गाव. त्यामुळे सहा वर्षांत तीसेक हजार किलोमीटर हा आकडा इथे खरा असू शकतो. तोच आकडा रोज गाडीने अंधेरीला जाणाऱ्याच्या गाडीवर दिसला तर मी पहिल्यांदा मीटर फिरवल्याचा संशय घेईन.

आणि जे काकांचं तेच तुमचं होणार. तुमचीही गाडी आठवड्याचे पाच दिवस उभीच राहणार. नवीचा भाव काही ती चालते की उभी आहे हे बघून उतरत नाही. विम्यातलं आयडीव्हीचं (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचं) कोष्टक बघा : सहा महिने उलटले की १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. वॅगनआर बाजारात याहून बरा भाव धरते हे मान्य, पण उतरायची ती उतरतेच. ती घट काकांनी सोसून झालीय.

शिवाय आरटीओचा कर. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी, म्हणजे सहा लाखांवर ६६ हजार. काकांनी भरलेला कर गाडीसोबत येतो, २०३४ पर्यंत त्याचं काही बघायला नको.

हिशेबी_माणूस

भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांवर आधी सेस धरून २९ टक्के होते, ते १८ झाले. नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव खाली यायला हवा. पण विकणाऱ्याच्या डोक्यात अजून जुनाच भाव बसलेला असतो. काकांचे ३.९० हे कधीचे आहेत ते विचारा.

दुसरं, कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीला व्याज चढं आणि मुदत कमी. रोख असेल तरच जुनीचा खरा फायदा. कर्जावर सहा वर्षांची गाडी घेणाऱ्यांचं गणित मला कधीच कळलेलं नाही.

तिसरं काकांच्या बाजूचं. नोंदणीकृत डीलरकडून घेतलीत तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. पावतीवर वेगळा दिसो न दिसो, जातो तुमच्याच खिशातून. काका घरगुती विक्रेते, त्यांना तो नाही. मधल्या माणसाचा नफाही नाही. हे पैसे तुम्ही दोघांनी वाटून घ्यायचे. सगळे काकांनीच का घ्यावेत?

चौथी_सीट

रोख जमेल. ३.६० पर्यंत खाली आणायचा विचार आहे, पण काकांशी घासाघीस कशी करायची हाच प्रश्न आहे. लहानपणापासून त्यांच्या घरी दिवाळीचा फराळ खाल्लाय.

मिलापनगरची_मावशी

म्हणूनच मी नको म्हणणार होते. ओळखीत गाडी घेतली की क्लच गेला तरी बोलता येत नाही आणि बोललं तर गच्चीवरच्या कोजागिरीला तोंडं फिरतात. पण काका पुण्याला चाललेत ना? मग निम्मा प्रश्न सुटला. :)

गंमत बाजूला. भाव तुम्ही बोलूच नका. एखाद्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तपासणी करून घ्या, खर्चाची यादी कागदावर येऊ दे आणि तो कागद काकांसमोर ठेवा. घासाघीस कागद करेल.

आणि घरात कोणी नव्याने चालवायला शिकणार असेल तर जुनीच घ्या. मी पन्नाशीत शिकले. आमच्या सोसायटीचा रॅम्प आणि त्याच्या बाजूचा खांब यांच्यात नवी गाडी घालायची माझी छातीच झाली नसती. जुनीला आधीच दोन ओरखडे होते, तिसऱ्याचं कोणाला काय!

बदलापूरची_सून

२०१९ वाचल्यावर माझे कान टवकारले. २६-२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली तोच पाऊस. आमच्या इमारतीत स्टिल्टमधल्या गाड्यांच्या टपापर्यंत पाणी होतं. त्यातल्या बऱ्याच पुढे धुऊनपुसून, सीटकव्हर नवी घालून लांब कुठेतरी विकल्या गेल्या. काकांची नोंदणी ऑक्टोबरची आहे, गाडी इमारतीसमोर आहे, तेव्हा चिंता कमी. पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी कितीही धुतली तरी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का बघा. डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट पावडर दिसली तर नमस्कार करून परत या. आणि एसी लावायच्या आधी काचा बंद ठेवून दोन मिनिटं नुसतं आत बसा, वास लपत नाही. फार दाट अत्तराचा वास आला तर जास्तच संशय घ्या.

एडिसनवाला

न्यू जर्सीहून. इथे गाडीचा नंबर टाकला की अपघात, पूर, मालक किती झाले, सगळा अहवाल पैसे भरून मिळतो. पुरात बुडून बाद झालेल्या गाडीच्या कागदावर तसा शिक्काच बसतो. तरीही फसतात लोक. तुमच्याकडे वॉचमन आहे, त्याला विचारा. गाडी कधी ठोकली, किती दिवस बंद होती, बॅटरीला धक्का किती वेळा मारला, हे त्याच्याइतकं कुठल्या अहवालात नसेल.

नांदिवलीकर

+१. वॉचमन, गाडी पुसणारा पोऱ्या आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. उपनगरात जुनी घेण्यातला खरा नफा हा आहे. पैसे वाचतात ते वाचतातच, पण त्या गाडीचा पूर्वेतिहास तुमच्या पायाखाली पडलेला असतो. ऑनलाइन घेतली तर शंभर-दोनशे मुद्द्यांची तपासणी मिळते. ती आजची तपासणी. सहा वर्षं गाडी कोणी, कशी चालवली हे त्यात येत नाही. काका गिअर कसे टाकतात हे तुम्ही सहा वर्षं ऐकलंय.

गॅरेजचा_कट्टा

इतकं कौतुक झालं, आता थोडं उलटं. उभी राहिलेली गाडी म्हणजे चांगली गाडी असं नसतं. माझ्याकडे कमी चाललेल्या गाड्यांची कामं वेगळीच येतात.

टायर बघताना नक्षी बघू नका, तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२वा आठवडा. नक्षी नव्यासारखी असेल, पण रबर सहा वर्षांचं आहे, कडक झालंय, पावसात घसरणार. चार टायर म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. हा पैसा किमतीतून वजा. बॅटरी बदलली असेल तर पावती मागा. ब्रेक ऑइल आणि कूलंट किलोमीटरवर नाही, वर्षांवर खराब होतात. गाडी चाललीच नाही म्हणून सर्व्हिसिंग केलंच नाही, असं सांगणारे काका-आजोबा खूप भेटतात. सर्व्हिस बुकात दर वर्षी शिक्का आहे का ते आधी बघा.

मग उंदीर. स्टिल्टमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली उंदरांचा संसार असतो. वायरी कुरतडून परत टेप मारलेल्या दिसतात का बघा. (तंबाखूची पानं ठेवून उंदीर जात नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या गाड्यांत पानंही असतात आणि लेंड्याही.)

गाडी बघायला सकाळी जा आणि काकांना सांगा की आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं बोलतं ते ऐकायचं. मग ठाकुर्लीच्या पुलावर चढाला दुसऱ्यात घ्या, क्लच सरकत असेल तर इंजिन ओरडेल आणि गाडी जागची हलणार नाही. तिथून कल्याण-शिळ रस्त्याला काढा, खड्ड्यांत सस्पेन्शनचा आवाज आपोआप कळतो. त्यासाठी वेगळा टेस्ट ट्रॅक लागत नाही आपल्याला.

ठोकलेली ओळखायची तर बोनेटच्या आणि दरवाजांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. पान्याची खूण किंवा बोल्टवरचा रंग उडालेला दिसला की पत्रा उघडलाय. दाराच्या रबराखाली बोट फिरवा, कंपनीच्या रंगाला कड लागत नाही.

सुरक्षित_अंतर

एक महत्त्वाचं कोणी विचारलंच नाही. आई कुठे बसणार? गुडघ्यांचा त्रास म्हणजे पुढच्या सीटवरच ना?

१ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना, सीटबेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याआधी, एप्रिल २०१९ ला. म्हणून जुनी घेताना मी त्या तारखेच्या अलीकडचीच बघायला सांगतो. पण शेजारच्या सीटची एअरबॅग चालू मॉडेलना सक्तीची झाली २०२२ च्या सुरुवातीला. मधल्या अडीच वर्षांत खालच्या व्हेरियंटमध्ये ती असेलच असं नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या वर डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं आहेत का बघा.

चौथी_सीट

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता खाली जाऊन बघून आलो. दोन्ही बाजूंना अक्षरं आहेत. काका म्हणाले, व्हीएक्सआय ऑप्शनल आहे, सुनेने हट्टाने तीच घ्यायला लावली होती.

सुरक्षित_अंतर

सुनेला धन्यवाद सांगा. नसती तर मी २०२२ नंतरचीच बघा म्हटलं असतं, लाखभर जास्त गेला तरी.

कल्याणचा_किल्लेदार

यात बाहेरून सीएनजी किट टाकलं तर? पेट्रोलचा भाव बघता...

गॅरेजचा_कट्टा

या वापराला नको. किटचे पैसे वसूल व्हायला गाडी पळावी लागते. शिवाय आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद, विम्यात नोंद, दर ३ वर्षांनी सिलेंडरची चाचणी. आणि डिकी गेली. देवरुखला गणपतीत जाताना सामान काय मांडीवर घेणार?

२० टक्के इथेनॉलचं विचाराल तर २०१९ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल. टाकी अर्धी भरून गाडी महिनाभर नुसती उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी वीसेक मिनिटं फिरवून आणा.

फॉर्म_तीस

कागदांचं मी लिहितो, नाहीतर हे शेवटी कोणीतरी एजंटवर सोडून देणार.

काका आणि तुम्ही दोघेही कल्याण आरटीओच्या हद्दीत, एमएच ०५. त्यामुळे धावपळ कमी. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज. सरकारी फी शेकड्यांत, एजंटची हजारांत. काकांनी कर्ज काढून घेतली असेल तर बँकेचा बोजा उतरलाय का ते आरसीवर बघा. हप्ते फिटले तरी बोजा तसाच राहिलेल्या आरसी घरोघरी आहेत. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि हे काका पुण्याला जायच्या आधी करा. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर गाडीचा नंबर टाकून चलनं बघा. नंबरप्लेटची चिंता नको. एप्रिल २०१९ नंतरची गाडी आहे, म्हणजे उच्च सुरक्षा पाटी मुळातच आलेली असणार.

"नाव नंतर करू" हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या एका दाव्यात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी पुढे चार हात फिरली होती तरी भरपाई पहिल्याच्या गळ्यात पडली. म्हणजे नाव लवकर बदलण्यात तुमच्याइतकंच काकांचं हित आहे. त्यांना हे सांगा, सहीला तेच घाई करतील.

विमा : थर्ड पार्टी गाडीबरोबर आपोआप येतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. आणि काकांचा नो क्लेम बोनस काकांचा, गाडीचा नाही. त्यांची ५० टक्के सूट बघून हुरळून जाऊ नका, तुमचा हप्ता वेगळा येणार.

हिशेबी_माणूस

फास्टॅग राहिला. काकांनी आपला बंद करायचा, तुम्ही तुमच्या नावाने नवा घ्यायचा. नाहीतर तुम्ही देवरुखला निघालात की पुण्यात काकांच्या खात्यातून टोल कापला जाईल. (ठाण्याच्या डॉक्टरांच्या पुढे मुंबईत गेलात तरी ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारला टोल नाही.)

चौथी_सीट

अपडेट. तपासणी झाली. टायर २०१९ चेच निघाले, बॅटरी गेल्या वर्षीची, सर्व्हिस बुकात एक वर्ष कोरं आहे (कोविडचं), बाकी शिक्के आहेत. पुढचा उजवा शॉक ॲब्सॉर्बर गळतोय. मावशींनी सांगितल्याप्रमाणे कागद काकांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून अर्धा तास वाचला, टायरचं मान्य केलं, शॉक ॲब्सॉर्बरवर वाद घातला. ३ लाख ६५ ला ठरलं. काकू म्हणाल्या, गाडीतला गणपती मात्र मी नेणार.

मिलापनगरची_मावशी

अभिनंदन! पेढे रामनगरच्या गल्लीतूनच आणा आणि पार्किंगची पावती सोसायटीत तुमच्या नावावर करून घ्या. काकांच्या जागेवर डोळा ठेवून बसलेले दोन-तीन जण तुमच्याही इमारतीत असतीलच.

फॉर्म_तीस

ताबा घेताना साध्या कागदावर डिलिव्हरी नोट करा : गाडी नंबर, चासी नंबर, किलोमीटर, तारीख आणि वेळ. वेळ लिहायला लोक विसरतात. सकाळचं चलन काकांचं, संध्याकाळचं तुमचं, हे त्या वेळेवरून ठरतं. दोन्ही चाव्या मागा. पैसे बँकेतून, रोखीने नकोत.

टिटवाळा_एक्स्प्रेस

धाग्यात घुसतोय, माफी. मला दिल्लीची २०१७ ची डिझेल एसयूव्ही फार स्वस्तात मिळतेय. इथे तेवढ्याच पैशांत हॅचबॅक येते. कोणी आणलीय का?

फॉर्म_तीस

स्वस्त का, ते आधी बघा. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांनी दिल्लीत डिझेल गाडीवर १० वर्षांची आणि पेट्रोलवर १५ वर्षांची टांगती तलवार आली, म्हणून तिकडचे लोक आठव्या-नवव्या वर्षी विकायला काढायला लागले. इथे आणली की तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार तर इथला नंबर, आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा. डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा चढा, १० लाखांपर्यंत १३ टक्के, त्यावर २० लाखांपर्यंत १४. गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम कमी होते, पण एसयूव्हीला आकडा लहान येत नाही. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, तो तिथे अर्ज करून, आणि त्याच्या मागे लागायला माणूस हवा.

वर या धाग्यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. ना वॉचमन ओळखीचा, ना पंक्चरवाला. आधी कल्याण आरटीओत जाऊन कराचा आकडा काढा, मग दिल्लीवाल्याशी भाव बोला.